ड्रायव्हरला पुसून फोटो ‘क्लीन’ केला म्हणे!

काल रात्री चुलतभावाने घरच्या ग्रुपवर पणजोबांच्या गाडीचा फोटो टाकला. फोर्ड मॉडेल टी, साताऱ्याच्या वाड्यासमोर उभी, मागच्या सीटवर पगडी-उपरण्यात पणजोबा. मूळ फोटोत पुढे हँडलपाशी ड्रायव्हर उभा आहे. या फोटोत तो नाहीच! कुठल्याशा ॲपने त्याला पुसून टाकलं आणि वर लिहिलं, ‘फोटो क्लीन केलाय.’ क्लीन? माणूस म्हणजे डाग आहे का? आणि खाली सगळ्यांची रांग: ‘काय रुबाब!’, ‘आजोबांनी त्या काळात गाडी चालवली!’

मी विचारलं तर दादा म्हणतो, “अगं, तो कोण होता हे कुणाला माहीत आहे? आता फ्रेम छान दिसते.” तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

पणजोबांनी ती गाडी वीतभरसुद्धा चालवली नाही. चालवायचा तो. सेल्फ स्टार्टर नव्हता, रोज समोर उभं राहून हँडल मारायचं. ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा स्पार्कचा दांडा चुकीच्या जागी राहिला तर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं, म्हणून अंगठासुद्धा हँडलभोवती वळवायचा नसे. टाकी पुढच्या सीटखाली आणि पंप नाही. पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनकडे उतरायचं. टाकीत पेट्रोल कमी आणि चढ खडा, की गाडी बंद. मग खंबाटकी घाट रिव्हर्सने चढवायचा, म्हणजे टाकी इंजिनच्या वर राहते! रिव्हर्सचा पेडल पायाने दाबून धरलेला, पेट्रोल हाताच्या दांड्याने द्यायचं, मान मागे वळलेली आणि शेजारी दरी. रात्री इंजिन मंदावलं की दिवेही मंदावायचे, कारण ते इंजिनच्याच मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरेल तशी वीज देणाऱ्या यंत्रावर चालत. असा घाट उतरवून त्याने आमच्या घरातली माणसं सुखरूप आणली. मुक्कामाला पणजोबा पंगतीत, आणि हा गाडीत झोपायचा, टायर आणि पेट्रोलचे डबे चोरीला जाऊ नयेत म्हणून. हे सगळं आत्या सांगायची. तिने नावही सांगितलं असतं, पण आम्ही कुणी विचारलंच नाही.

आणि ते ‘जिल्ह्यातली पहिली मोटार आमचीच’ हे पालुपद! प्रत्येक घराण्याची पहिलीच कशी असते? मुंबईत जमशेटजी टाटांकडे १९०१ मध्ये गाडी होती म्हणतात, आपण कशाची फुशारकी मारतो? विंटेज गाड्यांच्या प्रदर्शनातही हाच संताप. पाटीवर संस्थानिकाचं नाव, हॉर्सपॉवर, सीटचं कातडं, हेडलाइट कुठून मागवले तेही. चालवणाऱ्याबद्दल एक अक्षर नाही. अरे, १९१४ च्या मोटार कायद्याने परवाना लागायचा तो चालवणाऱ्याला, मागे बसणाऱ्याला नाही!

आमच्या जमाखर्चाच्या वह्यांत टायरच्या कंपनीचं नाव आहे, पेट्रोलच्या डब्यांचा हिशेब आहे, घाटात बदललेल्या ट्यूबची किंमत आहे. त्याच्या नावाच्या जागी मात्र फक्त ‘ड्रायव्हर, पगार’. मी पाहिली ती एकच वही. बाकीच्या वाड्याच्या माळ्यावर आहेत, वाळवी लागायच्या आत मी त्या सगळ्या खाली काढणार आहे. पगार घेतल्याची सही, निदान अंगठा तरी कुठल्या पानावर असेलच.