"चिनी सांगून फ्रेंच डुप्लिकेट गळ्यात मारली" या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की चिनी अँटिक सांगून आम्ही फ्रेंच डुप्लिकेट प्लेट गळ्यात मारली, परत घेतली नाही आणि काउंटरवरचा मुलगा उद्धट बोलला. मुलाबद्दल माफी मागतो. तो माझा भाचा. तुम्ही प्लेट परत द्यायला आलात त्या दिवशी मी बाहेर होतो, त्याला समज दिली आहे.

पण "गळ्यात मारली" हे लागलं. प्लेट मीच शोकेसमधून काढली, उलटी करून बुडावरचा लाल शिक्का दाखवला आणि म्हणालो, दिसायला चिनी आहे, पण हा पॅरिसच्या सॅमसन कारखान्याचा माल. तुम्ही फोनवर होतात. मान हलवलीत, मला वाटलं ऐकलंत. बिलावरही "सॅमसन, पॅरिस, चिनी एक्स्पोर्ट धाटणी" लिहिलंय. तुम्ही बिलाचा फोटो टाकलाय, त्यात नेमकी ती ओळ अंगठ्याखाली गेली आहे.

आणि डुप्लिकेट कशाला म्हणायचं? 18व्या शतकात युरोपातली घराणी आपल्या ढालीचं चिन्ह कागदावर काढून चीनला पाठवायची. चीनमधल्या जिंगडेझेन गावात घडवलेली भांडी कँटन बंदरात रंगवून, जहाजाने त्यांच्या घरी यायची. पुढे शंभर वर्षांनी सेटमधलं एखादं ताट फुटलं तर चीनला कोण जाणार? सॅमसनने 1845मध्ये पॅरिसला सुरुवात केली ती अशाच फुटक्या सेटना जोड करून द्यायला. 1969मध्ये कारखाना बंद झाला. आज सॅमसन म्हणूनच त्याचा माल जमवणारे लोक आहेत. तुमच्या ओळखीच्या जाणकारांनी फ्रेंच म्हणून ओळखली, बरोबरच ओळखली. चिनी प्लेटची झिलई निळसर असते, बुडाची कड झिलईविना उघडी, बोटाला खरखरीत लागते, कुठेकुठे भाजून नारिंगी झालेली असते. तुमची करड्या छटेची पांढरी, कड गुळगुळीत. मी तरी वेगळं काय सांगितलं होतं? त्या काळातली खरी चिनी असती, तर साडेसात हजारांत दिली असती का? (नऊ सांगितले होते, दीड तुम्ही कमी करून घेतलेत. असो.)

परत घ्यायचं म्हणाल, तर प्लेट तेवीस दिवसांनी आली, भिंतीवर टांगून झाल्यावर. स्प्रिंगच्या हँगरच्या आकड्यांनी कडेचं सोनेरी काम दोन ठिकाणी खरवडलंय. ते आता पुन्हा होत नाही. ती मी कुणाला काय म्हणून विकू?

एक चूक माझीही आहे. शोकेसमधल्या कार्डावर "चायनीज एक्स्पोर्ट" एका ओळीत बसलं आणि "स्टाइल" खाली गेलं, ते स्टँडच्या मागे झाकलं जात होतं. कार्डं बदलायची आहेत, दिवाळीची गर्दी ओसरली की बघतो. वडिलांपासूनचं दुकान आहे, या दोन महिन्यांवर आमचं वर्ष निघतं आणि दुकानाचं नाव शोधलं की तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसतो.

एकदा प्लेट घेऊन या. पूर्ण पैसे नाही जमणार, पण बदल्यात दुसरं काही बघू. सोमवारी बंद असतं. आणि तोवर तो हँगर तेवढा काढून ठेवा, प्लीज.