घरपट्टी कमी करायची तर आधी मोजमाप तपासा

घरपट्टी कमी करण्यावरच्या एका लेखात ती लवकर भरून सूट घ्या म्हटलंय, ते बरोबरच. पण जळगाव-धुळ्याकडे खरा घोळ मोजमापात असतो. भाऊ, आकारणीचा उतारा (घराचं मोजमाप आणि कर कसा धरलाय त्याची नोंद) काढा आणि टेप घेऊन घर स्वतः मोजा. पत्र्याची पडवी स्लॅबची धरली आहे का, स्वतः राहता तिथे भाडेकरू दाखवलाय का, हे बघा. वार्षिक भाडेमूल्यातून (घराला वर्षाला मिळू शकेल असं धरलेलं भाडं, त्यावरच कर ठरतो) दुरुस्तीपोटी 10 टक्के वजावट मिळते, तीही पडताळा. चूक दिसली तर आकारणीच्या नोटिशीतल्या मुदतीतच लेखी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला जाच. तोंडी सांगून काही होत नाही! माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना राज्य सरकारच्या 2020 च्या योजनेत घरपट्टी माफी आहे, गावाकडे कित्येकांना हे कुणी सांगितलेलंच नाही. थकबाकी मात्र ठेवू नका, महापालिकेची शास्ती, म्हणजे दंड, महिन्याला 2 टक्के चढते.