पडलात? मग आभार माना!

भाऊ, सरपंचाच्या निवडणुकीत पडलात ना? अभिनंदन. आता पहिलं काम फ्लेक्सचं. नवा छापू नका, प्रचारातलाच उतरवून आणा. ‘प्रचंड मतांनी विजयी करा’ या ओळीवर ‘जनतेचा कौल शिरसावंद्य’ अशी पट्टी चिकटवली की झालं. हात मत मागताना जोडलेत की आभार मानताना, हे फोटोत कळत नाही. फ्लेक्सवाला मागची उधारी काढेल. त्याचेही आभारच माना.

मग आपल्याला पाडलं कोणी, याचा शोध. पूर्वी हे सोपं होतं. सदस्यच सरपंच निवडायचे, तेव्हा नऊपैकी पाच जण गाडीत घालून चिखलदऱ्याला नेले की लोकशाही आटोक्यात राहायची. 2017 मध्ये सरपंच थेट जनतेतून आला, 2020 मध्ये ती पद्धत गेली, 2022 मध्ये परत आली. आता अख्खं गाव चिखलदऱ्याला न्यायचं कसं? मी विचारून पाहिलं होतं. ट्रॅव्हल्सवाला अ‍ॅडव्हान्स मागत होता.

मी 2017 ला निवडून आलो आणि डिसेंबर 2022 मध्ये 41 मतांनी पडलो. आमच्या भावकीची मतं 63. मशीनमधून निघाली 22. वजाबाकी तुम्हीच करा. मी रोज झोपताना करतो. (सरपंचपद महिलेसाठी राखीव असेल, तर पडते बायको आणि दाढी वाढवून ओट्यावर बसायचं तुम्ही, एवढाच फरक.)

आभारदौरा मात्र चुकवू नका. कपाशीचा वेचा चालू असतो, तूर उभी असते, माणसं वावरात सापडतात. प्रत्येक जण डोळ्यांत डोळे घालून सांगेल, “देलं ना जी तुमालेच! मशीनमंदीच काईतरी झालं.” धुऱ्याधुऱ्यावर मला पडलेली मतं मोजत गेलो, तर मतदारयादी संपली तरी मतं संपेनात. एका आजीनं तर मालकाचंही मत सांगितलं. मालक वारून दोन वर्षं झालेली. खरं सांगतो, सगळ्यांत जास्त विश्वास मला त्याच मतावर बसला.

यानंतर गाडी जाते. फायनान्सवाले नेतात, आपण ‘सर्व्हिसिंगला टाकली’ म्हणायचं. आणि मग पायी फाट्यापासून गावात येताना तुमची तुमच्याच रस्त्याशी पहिली भेट होते. पाच वर्षं काचा वर करून गेलात, ओळख होणार कशी? भूमिपूजनाला तुम्ही फोडलेला नारळ या सिमेंटपेक्षा टणक होता, हे चपलेत गिट्टी शिरल्यावर ध्यानात येतं. ठेकेदार मेहुणाच. त्याचे आभार घरातल्या घरात मानावेत, बायको समोर नसताना.

नळाचंही तसंच. सकाळचं पाणी आधी आपल्या आळीला, बाकीच्यांना रात्री अकराला, हे वेळापत्रक तुमचंच ना? नव्या सरपंचानं त्यात काडीचा बदल केलेला नाही. फक्त तो दुसऱ्या आळीत राहतो. पाण्याची घागर घेऊन रात्री रांगेत उभे राहाल, तेव्हा पुढच्या बाईला नमस्कार करा. ती पाच वर्षं तिथंच उभी होती.

एखादा दाखला लागला तर ग्रामपंचायतीत जाल. कालपर्यंत तुमच्या ओट्यावर चहा पीत बसणारा ग्रामसेवक मान वर न करता म्हणेल, “उद्या या.” रागावू नका. लोकांना हे सांगायला त्याला तुम्हीच शिकवलं. शिष्य गुरूवर उलटला नाही, गुरूच रांगेत आला.

खर्चाचा हिशेब तेवढा वेळेत द्या. निकालानंतर तीस दिवसांत दिला नाही तर राज्य निवडणूक आयोग पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो, आणि पुन्हा पडायची संधी हातची जाते. माझ्या वेळी, 2022 मध्ये, नऊ सदस्यांच्या गावात सरपंचपदाच्या उमेदवाराला मर्यादा होती पन्नास हजारांची. हिशेब त्यात आरामात बसला. बोकड आपापल्या मरणानं गेले, असं धरायचं.

रिकामे हात बरे दिसत नाहीत, तेव्हा तंटामुक्त गाव समितीचं अध्यक्षपद मागून घ्या. 2007 पासून सरकारनं ही सोय करून ठेवली आहे. गावातले निम्मे तंटे तुमच्याच काळातले, कागदपत्रं शोधावी लागत नाहीत.

आणि 26 जानेवारीची ग्रामसभा सोडू नका. स्टेजवर नाही, खाली सतरंजीवर बसा, शक्यतो त्या पाण्याच्या रांगेतल्या बाईच्या नवऱ्याशेजारी. विषय संपत आले की उभे राहा आणि खणखणीत आवाजात विचारा, “फाट्याच्या रस्त्याची चौकशी कधी होणार?” टाळ्या पडतील. पाच वर्षांत पडल्या नसतील एवढ्या.

मेहुण्याला फक्त आदल्या रात्री फोन करून ठेवा.