खुलासा : वाळवंटातल्या पक्ष्यांनाही ऊन सोसत नाही

‘वाळवंटातले पक्षी उन्हाला सरावलेले असतात, तापमान वाढलं तरी त्यांचं काही बिघडत नाही,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सराव आहे हे खरं, पण त्यालाही मर्यादा आहे.

पक्ष्यांना घाम येत नाही. अंग थंड ठेवायला ते चोच उघडून धापा टाकतात. त्यात पाणी खर्च होतं, आणि धापा टाकणाऱ्या चोचीला भक्ष्य नीट पकडता येत नाही. म्हणजे पक्षी उन्हाने कोसळला नाही, तरी उपाशी राहतो. मेलेले पक्षी दिसत नाहीत म्हणून सगळं ठीक आहे, असं मानणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं.

दक्षिण आफ्रिका खंडातल्या कालाहारी वाळवंटातला पिवळ्या चोचीचा धनेश पाहा. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तिला आणि पिल्लांना नर भरवतो. उन्हाने त्याचीच शिकार घटली, तर आत काय पोहोचणार? तिथे 2008 ते 2019 या काळात घरटी यशस्वी होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आलं. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातही शतकभरापूर्वी पाहणी झालेल्या ठिकाणी आता पक्ष्यांच्या सरासरी 43 टक्के कमी जाती आढळतात.