अंघोळ पॉलिसीत बसत नाही

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एका चुलत भावाने बातमी टाकली, आईला घराबाहेर काढणाऱ्या मुलाकडून घर काढून घेऊन परत आईच्या नावावर केलं अशी. मग दोन दिवस दुसरा विषय नाही. संस्कार राहिले नाहीत, पोरं परदेशात जाऊन बसतात, तिकडे तर काय म्हातारपण आलं की सरळ होममध्ये टाकतात, आपल्याकडे निदान घरात तरी ठेवतात. मी १४ वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला आहे, त्यामुळे यातलं निम्मं माझ्याकडे बघून चाललंय हे कळत होतं. सगळी वडीलधारी मंडळी, तिथे काही बोललो नाही. पण मनातून जाईना म्हणून लिहितोय.

आधी ते होममध्ये टाकण्याचं. जर्मनीत २०२३ च्या अखेरीला रोजच्या गोष्टींना दुसऱ्याची मदत लागते अशी साधारण ५७ लाख माणसं होती आणि त्यातली ८६ टक्के घरीच होती, बहुतेकांचं करणारी घरचीच माणसं, म्हणजे बायको, नवरा, मुलगी, सून. म्हणजे घरी ठेवतात ते पण आणि आपण पण. फरक आहे तो करणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं त्यात, आणि त्यावर आपल्याकडे कोणी बोलतच नाही.

आमच्या घरचं सांगतो. अण्णांना २०२१ मध्ये स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट राहिलं. सांगलीला दादा-वहिनी आणि अण्णा, आई आधीच गेलेली. हॉस्पिटलचे नऊ दिवस मेडिक्लेममध्ये बसले, फारशी कटकट न होता बसले. डिस्चार्ज झाला आणि खरं तिथून सुरू झालं. रात्री-दिवसा दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं नाहीतर बेडसोअर होतो, एअरबेडचा पंप रात्रभर घरघरत असतो, डायपर, कॅथेटर, भरवताना ठसका लागू नये म्हणून मान धरायची, फिजिओ येऊन गेला की तेच व्यायाम परत संध्याकाळी. वहिनी पतसंस्थेत ११ वर्षं कॅशियर होती. आधी दोन महिन्यांची रजा घेतली, मग सोडलीच नोकरी. ब्युरोची बाई ठेवून बघितली, पैसे मी पाठवत होतो, पण एक टिकली दोन महिने, दुसरी गावाला गेली ती आलीच नाही, तिसरीला उचलता येईना. शेवटी वहिनीच. सुट्टीला गेलो की तीन आठवडे मी करतो, चौथ्या दिवशी माझी कंबर धरते, ती हे पाच वर्षं करतेय.

मी तेव्हा पॉलिसीचं पुस्तक काढून वाचलं, घरी अटेंडंट ठेवायचा खर्च मिळतो का बघायला. त्यात एक्सक्लूजन कोड ०५ म्हणून एक कलम आहे. ते एकाच कंपनीचं नाही, विमा नियामकाने म्हणजे आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या स्टॅंडर्ड यादीतलं आहे, तुमच्याही पॉलिसीत बहुतेक सापडेल, काढून बघा. त्यात लिहिलंय की अंघोळ, कपडे घालणं, हिंडणं-फिरणं यासाठी लागणारी मदत, घरी असो की नर्सिंग होममध्ये, नर्सने केलेली असो की साध्या माणसाने, कव्हर होणार नाही. मी ते दोनदा वाचलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जे जे लागतं तेवढंच नेमकं बाहेर काढलेलं.

त्याच्या आदल्याच वर्षी इकडे आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींची तपासणी झाली होती, त्यांच्या मुलीने मला बसायला सांगितलं कारण आठवड्याचं सामान मी आणून द्यायचो. इथे पगारातून हप्ता कापून केअर इन्शुरन्स असतो, म्हणजे रोजच्या गोष्टींना दुसऱ्याची मदत लागणाऱ्यांसाठीचा वेगळा विमा. त्याच्याकडून आजींना किती मदत लागते ते बघायला एक नर्स आली, तासभर बसली. आजी ८४ वर्षांच्या, केस विंचरून, चांगला स्वेटर घालून तयार. नर्सने विचारलं अंघोळ कोण घालतं, आजी म्हणाल्या माझी मीच. जेवण? मीच करते. मग नर्सने सहज म्हटलं स्वेटरची बटणं काढून परत लावून दाखवता का. दोन बटणं लागली, तिसरं काही केल्या लागेना, आणि आजी मुलीकडे बघायला लागल्या. मुलीने वही पुढे केली. दोन आठवडे रोज काय काय करावं लागलं ते वेळ घालून लिहून ठेवलेलं, इथे तपासणीच्या आधी अशी वही ठेवा म्हणून सांगतातच. १०० मार्कांची मोजणी असते आणि त्यात अंघोळ, कपडे, खाणं, संडास-बाथरूम या भागाला ४० मार्क आहेत, सगळ्यात जास्त. आपल्याकडे जे पॉलिसीच्या बाहेर तेच इथे मोजणीच्या मध्यभागी, हे मला तेव्हा नाही, वर्षभराने ते कलम वाचताना कळलं.

आजींना ग्रेड २ मिळाली. पाच ग्रेड असतात, जितकी जास्त मदत लागते तितकी वरची ग्रेड. घरच्याच माणसाने केलं तर महिन्याला रोख मिळते, २०२५ च्या दराने ग्रेड २ ला ३४७ युरो, ग्रेड ४ ला ८००. इथल्या पगाराच्या मानाने काहीच नाही, नर्सला तासावर बोलवायचं तर पुरणार नाही. पण मला जे सगळ्यात भावलं ते वेगळंच. आठवड्याला किमान १० तास, दोन दिवसांत मिळून का होईना, ग्रेड २ किंवा वरच्या माणसाचं घरी करत असाल आणि बाहेरची नोकरी ३० तासांपेक्षा जास्त नसेल, तर तुमच्या पेन्शनचा हप्ता केअर इन्शुरन्स भरतं. म्हणजे आजींची मुलगी आईला अंघोळ घालते ती वर्षं तिच्या स्वतःच्या म्हातारपणाच्या हिशोबात जमा होतात.

वहिनीची पाच वर्षं कुठेच जमा नाहीत. पीएफ थांबला तो थांबला.

आणि आपल्याकडचा वाद कुठे अडकलाय बघा. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, पोटगी महिन्याला जास्तीत जास्त १० हजार, टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. घराबाहेर काढलेल्या आईबापांना त्याचा आधार आहे आणि तो राहिलाच पाहिजे, यात माझं दुमत नाही. पण त्या कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात १० हजारांची मर्यादा काढण्याबरोबर सून आणि जावई यांनाही ‘मुलं’ या व्याख्येत आणायचा प्रस्ताव होता. ते विधेयक पास झालं नाही, पण विचार कसा चालतो ते दिसतं ना? सुनेवर कायदेशीर जबाबदारी टाकायची तयारी होती, तिचा पीएफ भरायची नाही. आमच्या घरात अण्णांना कोणी टाकलेलं नाही. तरी एक माणूस पिचत चाललंय आणि त्याला कुठल्याच कायद्यात नाव नाही.

७० च्या वरच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड, उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंत, हे खरंच मोठं काम झालं. अण्णांचं कार्ड लगेच काढलं. पण ते चालणार हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावर. ॲडमिट होऊ नये म्हणून घरी जे रोज करतात त्याला एक रुपया नाही. देशात साठीच्या वरचे ८८ लाख लोक डिमेन्शियाचे म्हणजे स्मृतिभ्रंशाचे आहेत असा अंदाज २०२३ मध्ये आला, त्यांना तर बहुतेक वेळ ऑपरेशन लागत नाही, माणूस लागतं, आणि तेही २४ तास.

जर्मनीचं सगळं गोड आहे असं अजिबात नाही. इथला हा केअर इन्शुरन्स १९९५ ला सुरू झाला, वीसेक वर्षं वाद घालून, कामगार मंत्री नॉर्बर्ट ब्ल्यूम यांनी रेटून नेला, आणि मालकांवर जो बोजा पडला त्याची भरपाई म्हणून एक सार्वजनिक सुट्टी कायमची रद्द केली, फक्त सॅक्सनी राज्याने ती ठेवली आणि तिथले कामगार त्या बदल्यात थोडा जास्त हप्ता भरतात. तेव्हा पगाराच्या १ टक्का कापायचे, आता ३.६, त्यातले निम्मे कंपनी भरते, आणि मूल नसेल तर ०.६ आणखी तुमच्याच खिशातून. डिमेन्शियावाल्यांना तर २०१७ मध्ये मोजणी बदलेपर्यंत पुरेसं मिळतच नव्हतं, कारण हातपाय चालतात म्हणजे माणूस बरा आहे असं धरलं जायचं. होममध्ये ठेवायचं तर पहिल्या वर्षी घरच्यांच्या खिशातून महिन्याला सरासरी ३ हजार युरोच्या आसपास जातात. मात्र ते परवडलं नाही तर २०२० पासून मुलाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख युरोच्या वर असेल तरच सरकार मुलाकडे मागतं. आणि करायला माणसं कमी पडतात म्हणून केरळमधून नर्स आणतात, फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारनेही आमच्या याच बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी १० हजार कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात नर्सिंगवाले पण आहेत. मला त्या मुलामुलींचं मनापासून बरं वाटेल, त्यांनी यावं. पण सांगलीत अण्णांना उचलता येईल अशी शिकलेली एक बाई मिळत नव्हती ते मी विसरू शकत नाही.

आपल्याकडे पगारातून कापून हे होणार नाही हे मला समजतं, बहुतेकांना पगाराची स्लिपच नाही. पण पैशाच्या आधीच्या गोष्टी तर करता येतील. माणूस किती परावलंबी आहे ते मोजायची एक ठरलेली पद्धत काढा, जी सरकार, विमा कंपनी, सगळ्यांना मान्य असेल. मोजणीच नसेल तर विमा कशावर देणार. कोड ०५ मधून निदान स्ट्रोक, पार्किन्सन, डिमेन्शियानंतरचे घरचे काही महिने बाहेर काढा. ब्युरोच्या बायकांना ट्रेनिंग आणि नोंदणी द्या. आणि घरी जाऊन बघणारं कोणी हवं, ते काही परदेशी नाही, केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या काळजीचं, धोरण आणलं, तिथे पंचायतीमार्फत नर्स घरी जाते. केरळला जमतं तर आपल्याला का जमू नये?

दिवाळीत गेलो तेव्हा वहिनीला म्हटलं, एक आठवडा लिहून ठेव काय काय करतेस ते. ती म्हणाली त्यात काय लिहायचं, रोजचंच आहे. तरी पुतणीच्या जुन्या वहीत लिहिलं तिने, आणि मी परत यायला निघालो तेव्हा हातात दिलं. मी इथे आल्यावर इथल्या केअर इन्शुरन्सच्या पद्धतीने मार्क लावून बघितले, माझ्या हिशोबाने ग्रेड ४ येते. एका दिवसाचं पान असं आहे: पहाटे ३.१० कुशीवर. ५ कुशीवर, डायपर. ६.१५ तोंड धुणं, चहा चमच्याने, अर्धा सांडला. ७ गोळ्या. ८ अंघोळ, पाठ बघितली, लाल नाही. ८.४० कपडे, उजवा हात आधी. आणि त्याखाली, वेळ न घालता, आज दोनदा नाव घेतलं माझं.