“तक्रार केलीत तर घर जाईल” हा मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं वाचा

दोन आठवडे झाले, आमच्या लालबागच्या चाळीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय आणि गिरगावातल्या आत्याकडेही तोच पोचलाय. म्हणे भाडेकरूंनी वॉर्ड ऑफिसात तक्रारी करू नयेत, कारण एक तर खाजगी बिल्डिंगमध्ये शिरायचा पालिकेला अधिकारच नाही, दुसरं म्हणजे घाण भाडेकरूच करतात, तिसरं म्हणजे दोनशे रुपये भाड्यात दुरुस्ती मागायची नसते, आणि चौथं म्हणजे एकदा तपासणी झाली की ३५४ ची, म्हणजे पालिका कायद्यातल्या धोकादायक इमारतीच्या कलमाची नोटीस लागते आणि घर कायमचं जातं. चौथ्या मुद्द्याने म्हातारी माणसं खरंच घाबरलीत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू परवा मला हळू आवाजात विचारत होत्या, संडासाचा पाईप फुटलाय ते सांगू का नको रे. म्हणून लिहायला बसलो.

अधिकाराचं आधी. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा आहे आणि त्यात कुठल्याही इमारतीची स्वच्छता तपासायचा, साफसफाई आणि चुना मारून घ्यायला लावायचा, खोली राहायला अयोग्य ठरवायचा अधिकार आयुक्तांना दिलेला आहे. मालकाने हुकूम पाळला नाही तर पालिका ते काम स्वतः करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. डासांसाठी गच्चीवर टाकीचं झाकण बघायला माणूस चढतो तो काय मालकाला विचारून चढतो?

आता घाण कोण करतं. आमच्या मागची घरगल्ली, म्हणजे दोन बिल्डिंगींमधली चिंचोळी जागा, जेमतेम अडीच हात रुंद आहे, तिच्यात वरून दुधाच्या पिशव्या, केस, शिळा भात सगळं पडतं हे मी नाकारत नाही, त्यावरून मी स्वतः भांडलोय. पण तिसऱ्या मजल्याच्या संडासाचा बिडाचा पाईप दुसऱ्या मजल्यापाशी तडकलाय, ते पाणी दिवसरात्र भिंतीवरून उतरतं, काकूंच्या मोरीमागच्या भिंतीला हात लावला की ओला चुरा हातात येतो, आणि खाली पायाशी घुशींनी बिळं पाडलीत. हा पाईप दुधाच्या पिशवीने तडकला नाही, त्याला कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाही म्हणून तडकला. चोवीस बिऱ्हाडांना शिस्त लावली तरी तो पाईप आपोआप सांधला जाणार नाही!

भाड्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मान्य करतो. जुन्या भाडे कायद्याने १९४० ची भाडी धरून ठेवली आणि २००० पासून नवीन कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली तरी मालकाच्या हातात फार काही पडत नाही. पण घाणीचं कारण कमी भाडंच असतं तर बाजारभावाने दिलेल्या खोल्या स्वच्छ असायला हव्या होत्या ना, कुर्ल्याला एका खोलीत आठ-आठ पोरं कॉट बेसिसवर राहतात, प्रत्येकी हजारो रुपये मोजतात आणि तिथेही तीच ओल नि तोच तुंबलेला संडास, मी स्वतः जाऊन बघितलंय. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ मध्ये घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी मालकाची, भाडं किती ते बघून नाही. त्याने टाळलं तर भाडेकरू एकेकटे किंवा एकत्र मिळून किमान १५ दिवसांची नोटीस देऊन काम स्वतः करू शकतात आणि खर्च भाड्यातून कापू शकतात, फक्त वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. दोनशे रुपये भाड्यावर हे वर्षाचे सहाशेच होतात, पण चोवीस जणांचे मिळून १४,४०० होतात, आणि तडकलेला तुकडा बदलायला निदान सुरुवात होते. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी जादा कर भरणारी जुनी इमारत असेल तर म्हाडाचं दुरुस्ती मंडळही आहे, त्यासाठीचा उपकर आपल्याकडूनही वसूल होतो.

आणि घर जाण्याची भीती. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, या शहरात ती फार जुनी आहे. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, मग घरांवर ‘राहण्यास अयोग्य’ची इंग्रजी अक्षरं रंगवली गेली, १८९८ मध्ये शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची सरकारी संस्था आली, तिने वस्त्या पाडल्या आणि उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत अजून दाटीने राहायला गेली. आजही मालकाच्या सोयीचा ऑडिट रिपोर्ट (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल) आणून बिल्डिंग धोकादायक ठरवून घेतल्याच्या तक्रारी होतात. पण प्रत्येक नोटीस पाडायची नसते. पालिका जुन्या इमारतींचे वर्ग पाडते: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२बी म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मालकाचा रिपोर्ट पटला नाही तर भाडेकरूंनी आपला ऑडिट करून घ्यायचा, दोन्हींत फरक आला की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. पाडायचीच वेळ आली तर आधी प्रत्येकाच्या ताब्यातली जागा मोजून नोंदवायची असते, हायकोर्टाने तसं घालून दिलंय. आणि पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली स्पष्ट सांगितलंय. गप्प बसलेल्या भाडेकरूकडे मात्र यातलं काहीच कागदावर नसतं, आणि भिंत भिजून भिजून बिल्डिंग खरोखरच सी-१ मध्ये जाते.

पालिकेच्या १९१६ या तक्रार नंबरवर फोन करा, पण त्यावर थांबू नका, लेखी अर्ज द्या, फोटो जोडा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. काकूंचा अर्ज काल रात्री आम्ही गॅलरीत बसून लिहिला, एकोणीस बिऱ्हाडांच्या सह्या झाल्यात, उरलेल्या पाच जणांकडे आज संध्याकाळी जातोय.