एकाच खुर्चीत बसलेली दोन माणसं

'तापमानवाढ नाकारणाऱ्यांना विज्ञान कळत नाही' असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. एरिक कॉनवे या इतिहासकाराचं काम वाचल्यापासून हे वाक्य माझ्याच्याने बोलवत नाही.

कॉनवे मुळात विमानविद्येचे इतिहासकार. धुक्यात विमान कसं उतरवतात, ध्वनीपेक्षा वेगवान (स्वनातीत) प्रवासी विमानाचं स्वप्न कसं फसलं, यावर त्यांनी लिहिलं. तिथून हवामानाकडे ते आले, यात मला मुळीच उडी दिसत नाही. १९७१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जॉन्स्टन यांनी इशारा दिला होता, की या विमानांच्या धुरातली नायट्रोजन ऑक्साइड्स ओझोन खाऊन टाकतील. पुढे स्पेस शटलच्या धुरातल्या क्लोरिनचीही चौकशी झाली. वर काय उडवायचं हे ठरवताना वरची हवा अभ्यासणं भागच होतं.

आता ती खुर्ची. न्यूयॉर्कमधली नासाची गोडार्ड इन्स्टिट्यूट १९६१ मध्ये रॉबर्ट जॅस्ट्रो यांनी उभी केली आणि वीस वर्षं चालवली. त्यांच्यानंतर, १९८१ मध्ये, तिथे बसले जेम्स हॅन्सन. शुक्राच्या ढगांचा अभ्यास करता करता पृथ्वीकडे वळलेला हा माणूस. २३ जून १९८८ रोजी त्यांनी अमेरिकी सिनेटसमोर सांगितलं, की तापमानवाढ खरी आहे याची ९९ टक्के खात्री आहे.

आणि जॅस्ट्रो? त्यांनी १९८४ मध्ये फ्रेडरिक साइट्झ आणि विल्यम निरेनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांसोबत मार्शल इन्स्टिट्यूट ही संस्था काढली, ती राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या 'स्टार वॉर्स' या क्षेपणास्त्रविरोधी संरक्षण योजनेची बाजू मांडायला. १९८९ मध्ये याच तिघांनी तापमानवाढीचं खापर सूर्यावर फोडलं. सूर्य तापला असता तर स्थितांबर, म्हणजे ओझोन असलेला हवेचा वरचा थर, तोही तापायला हवा होता. उपग्रहांना तो थंड होताना दिसला. ओझोन घटला की हा थर थंड होतो, पण तो वाटा धरूनही, खाली ऊब वाढवून वर थंडावा आणणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची खूण त्यात स्पष्ट आहे.

निरेनबर्ग तर स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते! शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला, ती हीच संस्था. साइट्झ अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष, नंतर एका तंबाखू कंपनीच्या संशोधननिधीचे सल्लागार. यांना अडाणी कसं म्हणायचं? मला याचा राग येतो, आणि त्याहून जास्त वाईट वाटतं.

कॉनवे आणि त्यांच्या सहलेखिका, विज्ञान-इतिहासकार नेओमी ओरेस्केस यांचं उत्तर मला पटतं. शीतयुद्धात घडलेल्या या माणसांना सरकारी नियमन म्हणजे समाजवादाचा चोरदरवाजा वाटत होता. प्रदूषणाला आवर घालायचा तर नियम हवेत. नियम नकोत, म्हणून मग पुरावाच नको.

म्हणून वादात मी आता आलेख पाठवत नाही. विचारते, "हे खरं निघालं तर तुला नक्की काय सोडावं लागेल असं वाटतं?" मग कर, नोकऱ्या, सरकारची ढवळाढवळ असं एकेक बाहेर येतं. त्यावर आम्ही तासभर भांडतो, आणि थर्मामीटरवरचं भांडण मागेच राहतं.